दोन दुकानं आणि एकच आकडा

आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा मी तिथे नव्हते, आणि नव्हते तेच बरं. असते तर मलाही मधोमध कापून दोघांत वाटलं असतं. आईला वाटलंच. एक महिना दादाकडे, एक महिना बाब्याकडे. फेब्रुवारी कोणाच्या वाट्याला जायचा यावरूनही जुंपली होती. ज्याच्याकडे फेब्रुवारी येणार त्याला आईची सेवा कमी दिवस घडणार, आणि तसं लोकांनी म्हटलेलं दोघांनाही खपणार नव्हतं. आईला काय हवंय हे कोणी विचारलं नाही. ती आपली पिशवी भरते, पिशवी रिकामी करते, पुन्हा भरते.

दादा सगळ्यांत मोठा, बाब्या शेंडेफळ, आणि मी मधली. बाबांचं रंगाचं दुकान होतं. भिंतींचे, दारांचे, लोखंडी जिन्यांचे रंग. बाजारातल्या सतरा नंबरच्या गाळ्यात त्यांनी सुरुवात केली, आणि आम्ही तिघांनी त्या गाळ्यातल्या काउंटरखाली उपड्या डब्यांवर बसून अभ्यास केला. पुढे चौकात मोठं दुकान झालं. बाबा गेले, आणि त्यांच्यामागे दोन्ही भावांचं एका म्हणून गोष्टीवर एकमत होईना. चौकातलं दुकान दादाने ठेवलं, बाब्याने नव्या वस्तीत दुसरं काढलं.

वाटणी मात्र अगदी समान झाली. डबे मोजले, ब्रश मोजले, टर्पेंटाइनचा अर्धा कॅन होता तो दोन बाटल्यांत ओतून बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. कापता न येणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. एक रंग ओळखायचं यंत्र. पडद्याचा तुकडा किंवा भिंतीचा पोपडा त्याच्यासमोर धरला, की हा रंग कशाकशाचे किती थेंब मिळून झालाय ते सांगणारं. आणि दुसरं मिसळायचं मशीन, जे तेवढेच थेंब पांढऱ्या रंगात सोडून डबा गदगदा हलवतं. पहिलं बाब्याकडे गेलं, दुसरं दादाकडे. म्हणजे एकाला रंग कळायचा पण करता यायचा नाही, आणि दुसऱ्याला करता यायचा पण कळायचा नाही. याला आमच्याकडे न्याय म्हणतात.

राहता राहिले संगणक. बाब्याच्या दुकानात सगळं नव्याने मांडायला एक तंत्रज्ञ आला. त्याने विचारलं, "कसं करू?" बाब्या म्हणाला, "त्याच्याकडे जे जसं आहे तसं मला." दादा म्हणाला, "तसंच. रेसभर जास्त नाही." दोघं त्या बिचाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याने दादाचं दुकान जसंच्या तसं उतरवून बाब्याला दिलं. पडद्यावरचं डोंगराचं चित्रसुद्धा तेच. आणि पत्तेही तेच.

इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, फार नाही. संगणकांच्या जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला चार भागांचा एक आकडा असतो, तो त्याचा पत्ता. दुकानात इंटरनेटची जी लुकलुकणारी पेटी असते ती कारखान्यातूनच एक ठरावीक आकडा घेऊन येते: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि चौथा भाग ज्या त्या यंत्राचा. तो कोणी बदलत नाही, म्हणून जगातली निम्मी दुकानं, दवाखाने आणि शिकवण्या एकाच पत्त्यावर राहतात. जोवर त्यांचा एकमेकांशी संबंध येत नाही तोवर सगळं सुरळीत. आपण घरात "आई" अशी हाक मारली की आपलीच आई ओ देते, शेजारची नाही. भानगड होते ती दोन घरं जोडायची म्हटलं की. माझी नोकरी तीच आहे. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या शाखा, सगळ्यांचे आकडे तेच, आणि ते एकमेकांच्या अंगावर न पडता जोडून द्यायचे. परक्या लोकांचं हे काम मी हसत करते. ते दोन सह्या करतात आणि चहा पाजतात.

आमच्या घरी तसं कसं होईल?

झालं असं की शहरात रंगाचं एक भलंमोठं दुकान आलं. काचेचं दार, आत गारवा, तिथेच रंग ओळखून तिथेच मिसळून हातात डबा. दादाकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. मशीन धूळ खायला लागलं. एक माणूस ते विकत घ्यायला बघूनही गेला. मशीन गेलं असतं तर दुकानाला कुलूप लागायला महिना पुरला असता, हे दादा बोलला नाही, वहिनी बोलली. बाब्याकडे गिऱ्हाईक होतं, पण मिसळायचं काम बाहेर द्यावं लागायचं आणि तिथे रंग कधी जमायचा, कधी नाही.

मग एक ठेकेदार आला. बाबांच्या वेळचा माणूस, मोठमोठ्या इमारती रंगवणारा. त्याच्याकडे एका इस्पितळाचं काम आलं होतं. प्रत्येक मजल्याचा रंग निराळा, आणि जुन्या भिंतीशी जुळणारा हवा. रंग बाब्याकडे ओळखायचा, दादाकडे मिसळायचा, असं त्याने दोघांना निरनिराळं गाठून पटवलं. सुरुवातीला नोकर कागदावर थेंबांचे आकडे लिहून न्यायचे. एकदा उतरवताना चूक झाली आणि बालरुग्ण विभागाची एक भिंत पोट बिघडल्यासारखी दिसायला लागली. ठेकेदाराने सांगून टाकलं, "यंत्राने यंत्राला थेट सांगायचं. मधे माणूस नको. जमत असेल तर बोला, नाहीतर मी चाललो त्या काचेच्या दुकानात."

दोघांनीही मला फोन केला. निरनिराळा, अर्थातच.

माझ्या आधी त्यांनी स्वतःच एक प्रयत्न करून पाहिला होता. दादाच्या मशीनचा चौथा भाग पन्नास. बाब्याच्या माणसाने पन्नासला रंग धाडला. पण बाब्याकडे मशीनच नव्हतं. ती रिकामी जागा त्या तंत्रज्ञाने पावत्या छापायच्या यंत्राला देऊन टाकली होती. तेव्हा इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्याचा रंग बाब्याच्या काउंटरवर हातभर लांब पावतीच्या रूपाने बाहेर पडला, आणि रांगेतल्या बाईंनी ती आपली समजून घरी नेली.

मी दादाकडे गेले. म्हटलं, "दादा, सोपं आहे. दोघांपैकी एकाने आकडा बदलायचा. फक्त तिसरा भाग. एकच्या जागी दुसरं काहीतरी."

"मग बदल की त्याचा."

"तुझा बदलला तरी चालेल. तुझ्याकडे यंत्रं कमी आहेत, लवकर होईल."

दादाने हातातला डबा खाली ठेवला. "ठमे, हा बाबांच्या दुकानाचा आकडा आहे."

"कारखान्याचा आहे, दादा. प्रत्येक पेटी तोच घेऊन येते. माझ्या दातांच्या डॉक्टरचाही तोच आहे."

"असेल. पण बाबांनी ठेवला होता ना?"

बाबांना पेटीत आकडा असतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी पेटीवर रंगाच्या छटांचं पुस्तक ठेवलं होतं, आणि त्यामुळे ती दर उन्हाळ्यात तापून बंद पडायची. पण हे दादाला सांगून उपयोग नव्हता. त्याचा चेहरा, लहानपणी पतंग मागितला की व्हायचा तसा झाला होता.

बाब्याकडे गेले. बाब्या मला मान देतो, म्हणजे बसायला खुर्ची देतो आणि मग माझं काही ऐकत नाही.

"ताई, हा आकडा मला वाटणीत आलाय."

"बाब्या, आकडे वाटणीत येत नसतात."

"सगळं समान झालं होतं. आता मी बदलला म्हणजे त्याचं जुनं राहिलं आणि माझं गेलं. मग तो चारचौघांत सांगणार, शेवटी धाकट्यालाच हलावं लागलं."

"कोणाला सांगणार? पेटीचा तिसरा आकडा बदलला, हे ऐकून घ्यायला चौघं जमतील तरी का?"

"तू त्याला ओळखत नाहीस," बाब्या म्हणाला. मी त्याच्या आधी तीन वर्षं दादाच्या हातचा मार खाल्लाय.

त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्यावर, भांड्यांवर आणि एका निरपराध उशीवर राग काढला. राग यायचं कारण आकडा नव्हता. मशीन विकलं की दादा संपणार, हे मला दिसत होतं. इतकी वर्षं दोघं बोलत नव्हते तरी दोन दुकानं होती, एका धंद्यातले होते, कुठेतरी बाबा होते. एक बंद पडलं असतं तर न बोलण्यापुरतंही नातं उरलं नसतं. आणि आईची पिशवी कायमची एका घरात राहिली असती, दुसरं घर लाजेने तोंड लपवून बसलं असतं. माझे भाऊ गाढव आहेत, पण माझे आहेत.

तेव्हा परक्या गिऱ्हाइकांसाठी करते तेच मी त्यांच्यासाठी केलं. दोन्ही दुकानांत नवीन पेट्या बसवल्या. या पेट्यांना दुभाष्याचं काम येतं. दादाच्या दुकानातलं काही बाहेर पडलं की पेटी त्याच्यावरच्या पत्त्याचा तिसरा भाग बदलून साठ करते. बाब्याकडचं काही बाहेर पडलं की चाळीस. आत जाताना पुन्हा ज्याचं त्याला. म्हणजे दादाच्या घरात दादा एकवरच, पण त्याला बाब्या चाळीसमध्ये राहताना दिसतो. बाब्याच्या घरात बाब्या एकवरच, आणि त्याला दादा साठमध्ये गेलेला दिसतो. कोणीच जागचं हललेलं नाही आणि दोघांनाही समोरचा हललेला दिसतो. दहा दहा शाखांची बडी गिऱ्हाइकं यावर वर्षानुवर्षं सुखाने नांदतात.

मी कोणालाही काही सांगितलं नाही. "जोडून दिलंय," एवढंच म्हणाले.

पहिल्या चाचणीला ठेकेदार दादाच्या दुकानात येऊन बसला. तो महिना दादाचा, त्यामुळे आईही होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर, पिशवी पायाशी. मशीन विकत घेणारा माणूस दुपारी येणार होता, असं वहिनीने मला दुकानामागच्या स्वयंपाकघरात सांगितलं. दादाने मशीन पुसून लख्ख केलं होतं. चाचणीसाठी की विकण्यासाठी, ते त्याचं त्यालाच माहीत.

बाब्याच्या दुकानातून भिंतीचा रंग निघाला. इथे पडद्यावर एक ओळ उमटली. मशीन जरा खोकलं. आणि मग थेंब पडायला लागले, पिवळा, काळा, जरासा तांबडा, पुन्हा पिवळा. दादा डब्यात वाकून बघत होता. डबा हलला, झाकण उघडलं, ठेकेदाराने खिशातून पोपडा काढून ओल्या रंगाशेजारी धरला आणि दारात उजेडाला नेला.

"हाच," तो म्हणाला. "सहा मजल्यांचं सगळं इथूनच घेणार."

वहिनी आत निघून गेली. तिला रडायचं असलं की ती भांडी घासते. नळाचा आवाज आला. दादाने मशीनवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग त्याचं पडद्याकडे लक्ष गेलं. रंग कुठून आला ते तिथे लिहिलेलं होतं.

"ठमे, हे चाळीस काय आहे?"

"बाब्याकडून आलंय."

"त्याचाही एक होता ना?"

"तिथून येणारं सगळं आता चाळीसवरूनच येतं," मी म्हणाले. यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं मी बोललेच नाही. पेटीला बोलायला लावलं.

दादा पडद्याजवळ वाकला. "बदलला त्याने," असं स्वतःशीच म्हणाला. मशीनवाला माणूस आला तेव्हा त्याला पाणी देऊन वाटेला लावलं.

संध्याकाळी बाब्याचा फोन. "ताई, दादाचं दुकान साठवर दिसतंय."

"हो का?"

"बाबांचा आकडा सोडला त्याने?" बाब्या म्हणाला. "फार जड गेलं असेल गं त्याला."

मला तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याला एकही भाऊ नाही.

पुढच्या आठवड्यात दादा स्वतः टेंपोत बसून बाब्याच्या दुकानी डबे पोचवायला गेला. नोकराला बरं नाही, असं म्हणाला. नोकर टेंपोत मागे बसून शीळ घालत होता. मी तिथे पेटी तपासायला गेले होते, नाहीतर हा प्रसंग मला कोणी सांगितला असता तर मी हसण्यावारी नेला असता. दादा दारात उभा राहिला. बाब्या काउंटरमागून उठला. दोघांनी एकमेकांकडे सोडून दुकानातल्या सगळ्या वस्तूंकडे बघून घेतलं.

"दुकान बरं मांडलंयस," दादा म्हणाला.

"ये ना आत. बस."

चहा आला. दादाने अर्धा कप संपवला आणि घसा खाकरला. "आकड्याचं बघितलं मी. पडतं घेतलंस. मला वाटलं नव्हतं."

झालं, आता फुटणार. बाब्या म्हणणार, मी कुठे बदलला, बदललास तर तू. मग दोघांचेही डोळे माझ्याकडे वळणार, आणि इस्पितळाचे सहा मजले माझ्या डोक्यावर कोसळणार.

बाब्याने दादाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बशीकडे.

"मोठ्या भावासाठी एवढं करायलाच हवं," तो म्हणाला.

मी चहा नाकातून परतवला.

"पण तूही काही कमी केलं नाहीस," बाब्या पुढे म्हणाला. "बाबांचा आकडा होता. तो तू सोडलास."

आता दादा सरळमार्गी माणूस. गिऱ्हाइकाने चुकून सुटे पैसे जास्त दिले तर मागे धावत जाऊन परत करणारा. तो नक्की बोलणार होता. त्याने तोंड उघडलंही. बाब्या त्याच्याकडे लहानपणी बघायचा तसा बघत होता, मान वर करून. दादाने तोंड मिटलं.

"आकड्याचं काय एवढं," तो म्हणाला. "माणसं महत्त्वाची."

दोघं इतक्या मोठ्या मनाने चहा प्यायले, की खरोखर काही सोडलेल्या माणसांनाही ते जमणार नाही.

निघताना दादाने मला टेंपोच्या आडोशाला ओढलं. "ठमे, माझा आकडा अजून एकच आहे ना?"

"आहे."

"मग बदल. आज, आत्ता. तो कधी दुकानात आला आणि त्याने बघितलं तर? काय तोंड दाखवू त्याला?"

इतके दिवस ज्या माणसाच्या मी पाया पडत होते, तो माझा दंड धरून मला घाई करत होता. "साठ करते," मी म्हणाले. "त्याला तिथे साठच दिसतो. म्हणजे सगळं खरंच होऊन जाईल."

"साठ?" दादाने नाक मुरडलं. "साठ आपला कोण लागतो? करायचाच तर सतरा कर. बाबांचा पहिला गाळा." आणि मग हळूच, "पण बाब्याला सांगू नकोस."

मी डोळे पुसत परत आत आले, तर बाब्या गोदामाच्या दाराशी माझी वाटच बघत होता. दार लावून घेतलं त्याने.

"ताई, एक घोटाळा झालाय. मी आकडा बदललेलाच नाही."

"अरेच्चा," मी म्हणाले.

"तो इतका हलला होता की मला नाही म्हणवेना. तू बदलून टाक ना. तो खरं समजून बसलाय."

"चाळीस करते."

"चाळीस कशाला? आपला चाळीसशी काय संबंध?" बाब्या एका रिकाम्या डब्यावर बसला होता, गुडघे वर, काउंटरखाली बसायचा तसाच. "सतरा कर ताई. आठवतो ना गाळा? फक्त दादाला कळू देऊ नकोस."

मी त्याला समजावू शकले असते. दादालाही. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. एकदाच नीट बसून दोन वेगळे आकडे दिले असते तर पेट्यांना दुभाष्याचं काम उरलंच नसतं. त्याऐवजी मी दोन्ही दुकानांत सतरा करून दिला. आता दोघांचा आकडा पुन्हा एकच आहे, आणि पेट्या मधे उभ्या राहून एकाला साठ म्हणतात, दुसऱ्याला चाळीस. माझ्या वरिष्ठांनी हे पाहिलं तर मला कामावरून काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

आईला मात्र मी सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट फुटलं असतं. ती बाब्याकडे जायला पिशवी भरत होती. दादा स्वतः सोडणार होता आणि जेवूनच परतणार होता. तिने सगळं ऐकून घेतलं. सतराचं ऐकलं तेव्हा घडी घालता घालता तिचा हात थांबला, आणि ती जराशी हसली.

"म्हणजे सगळं त्या पेट्यांवर उभं आहे?"

"सगळं."

"किती टिकते गं असली पेटी?"

"बरीच टिकते. पण कधी ना कधी जळतेच."

आईने पिशवीचे बंद बांधले. "मग एक जास्तीची आणून ठेव," ती म्हणाली.

मी दोन आणल्या. एकच आणली असती तर ती कोणाच्या दुकानात ठेवायची, यावरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती.